विषाद, वैद्य आणि सर्पगंधा

सातारा-सांगलीकडे ‘मला नैराश्य आलंय’ असं सहसा कुणी म्हणत नाही. झोप लागत नाही, तोंडाला चव नाही, अंग जड झालंय, कशात जीव रमत नाही, अशा तक्रारी असतात. मिरजेला वानलेस हॉस्पिटलपासूनची मोठी वैद्यकीय परंपरा आहे, पण ‘डोक्याच्या डॉक्टर’ची पायरी चढायला माणूस कचरतो. वैद्यांकडे जाताना तो संकोच नसतो. म्हणूनच वैद्य अशा रुग्णाला काय विचारतात, याला फार महत्त्व आहे.

चरकसंहितेने वाताच्या ८० विकारांत विषाद मोजला आहे आणि रोग वाढवणाऱ्या गोष्टींत त्याला पहिलं स्थान दिलं आहे. औषध-आहाराच्या जोडीने चरकाने ‘सत्त्वावजय’ ही वेगळी चिकित्सा सांगितली: अहितकर विषयांपासून मन आवरणं. मला आयुर्वेदाचं हेच देणं सर्वांत मोलाचं वाटतं. तेच गर्दीच्या दवाखान्यात सर्वांत आधी गळतं. चूर्णाची पुडी मिळते, बोलणं राहून जातं.

अभ्यंग, वेळेवर जेवण, ठरलेली झोप यांनी खचलेल्या माणसाला आधार मिळतो. अश्वगंधेवर अभ्यास झालेत, पण बहुतेक छोटे आणि ताण-चिंतेवरचे. तीव्र नैराश्यात केवळ तिच्यावर विसंबावं इतका पुरावा नाही.

आणि ‘झाडपाल्याला अपाय नसतो’ ही समजूत सर्पगंधेनेच खोटी ठरवली. १९३१ मध्ये गणनाथ सेन आणि कार्तिकचंद्र बोस यांनी उन्माद व रक्तदाबावरचा तिचा उपयोग मांडला. १९४९ मध्ये मुंबईच्या डॉ. रुस्तम जाल वकील यांचा रक्तदाबावरचा लेख ‘ब्रिटिश हार्ट जर्नल’मध्ये आला आणि ही मुळी जगभर पोचली. १९५२ मध्ये तिच्यातलं रेसर्पिन वेगळं झालं. पुढे ते घेणारे काही रुग्ण खोल उदास झाल्याच्या नोंदी आल्या. रेसर्पिन मेंदूतलं सेरोटोनिन, नॉरअॅड्रेनलिन कमी करतं, हे कळल्यावर नैराश्याच्या रासायनिक कारणांचा शोध वेगाने सुरू झाला. नैराश्य या रसायनांच्या कमतरतेने येतं हा सिद्धांत आज अपुरा मानला जातो, तरी आपल्या मुळीने त्या शोधाला दिशा दिली.

मानसोपचाराच्या गोळ्या चालू असतील तर चूर्ण सुरू करताना दोन्हीकडे सांगावं. गोळ्या परस्पर बंद करू नयेत. वैद्यांनी ‘जगावंसं वाटतं ना?’ हे स्पष्ट विचारावं आणि उत्तर डळमळीत आलं तर रुग्णाला त्याच दिवशी मानसोपचारतज्ज्ञाकडे पाठवावं. रात्री-अपरात्री ‘टेली-मानस’ या मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा मोफत क्रमांक आहे; तिथे मराठीतून बोलता येतं.