दोन मार्कांचे ओकाझाकी

‘ओकाझाकी फ्रॅगमेंट्स’ आपण बारावीला घोकले, दोन मार्क घेतले, विसरलो! डीएनएच्या दोन पट्ट्या उलटसुलट दिशांना असतात, पण कॉपी करणारं पॉलिमरेज एकाच दिशेने चालतं. म्हणून एका पट्टीची कॉपी सलग होते, दुसरीची तुकड्यातुकड्यांनी. मग लायगेज ते तुकडे सांधतं. हे तुकडे १९६०च्या दशकात जपानमधल्या नागोया विद्यापीठात शोधले रेजी आणि त्सुनेको ओकाझाकी यांनी. हो, नवरा-बायको, पेपरात आपण दोघांचं नाव लिहीत असतो. रेजी मूळचे हिरोशिमाचे. १४व्या वर्षी अणुबॉम्बच्या किरणोत्सर्गात सापडलेले. १९७५मध्ये, ४४व्या वर्षी ल्युकेमियाने ते गेले. प्रत्येक तुकड्याची सुरुवात आरएनए प्रायमरने होते, हे सिद्ध करायचं काम अर्धवटच राहिलं होतं. त्सुनेको पुन्हा लॅबमध्ये गेल्या आणि सहकाऱ्यांसोबत त्यांनी ते पुरं केलं.