लूप समेवर येत नाही? आधी फूटस्विच तपासा

गिटारच्या मल्टी-इफेक्ट प्रोसेसरमध्ये हल्ली लूपर आयताच मिळतो. चार बारची कॉर्ड प्रोग्रेशन रेकॉर्ड करायची, स्विच दाबायचा, आणि ती फिरत असताना वर लीड वाजवायची. पहिली दोन-चार आवर्तनं झकास जातात. मग शेजारी कहोन किंवा तबला वाजवणारा मित्र मान वर करून बघायला लागतो, कारण लूपची सम एकीकडे आणि त्याची सम दुसरीकडे गेलेली असते. अशा वेळी खापर नेहमी गिटारवाल्यावर फुटतं. "तुझी लय कच्ची आहे, रियाज कर." रियाज केलाच पाहिजे, पण मी दिवसभर सॉफ्टवेअर लिहितो आणि सुट्टीत गिटार वाजवतो. मला यातला बराचसा भाग लयीचा नाही, तर इनपुट हँडलिंगचा वाटतो. नवा लूपर विकत घेण्याआधी किंवा स्वतःला बेताल ठरवण्याआधी अर्धा तास सेटिंगवर घालवा.

आधी थोडं गणित. मिनिटाला १०० मात्रांची लय धरली तर एक मात्रा ६०० मिलिसेकंदांची. तीनतालाचं एक आवर्तन म्हणजे १६ मात्रा, वेस्टर्न भाषेत ४/४ चे चार बार. म्हणजे लूप बरोबर ९६०० मिलिसेकंदांचा हवा. समजा तुम्ही तो ४० मिलिसेकंद उशिरा बंद केला. एकदा ऐकून कुणाच्या लक्षातही येणार नाही. पण तबलावाला आपल्या लयीत ठाम असेल, तर दर आवर्तनाला तेच ४० मिलिसेकंद वाढत जातात आणि १५ आवर्तनांनंतर तुम्ही अख्खी एक मात्रा मागे असता. हे सगळं साधारण अडीच मिनिटांत होतं, म्हणजे गाणं संपायच्या आतच.

आता यातली खरी गोम. स्विचला उशीर लागतो, हा प्रॉब्लेम नाही. सुरुवात ८० मिलिसेकंद उशिरा आणि शेवटही ८० मिलिसेकंद उशिरा झाला, तर लूपची लांबी अचूकच राहते. फक्त लूप समेच्या थोडा पुढून सुरू होतो, आणि तुम्ही स्विच दाबताना हात न थांबवता वाजवत राहिलात तर पुढच्या समेचा स्ट्रोक लूपच्या शेपटीत रेकॉर्ड होतो. ऐकायला सगळं जागेवर. (दाबल्या क्षणी वाजवणं थांबवलंत, तर मात्र समेचा ठोकाच गायब.) गडबड होते ती उशीर प्रत्येक वेळी वेगळा असला की. नेटवर्कवाले याला जिटर म्हणतात. आपल्याला हा जिटर मारायचा आहे.

दाबल्यावर की सोडल्यावर?

जिटर येतो कुठून? बहुतेक वेळा पायातून, आणि त्याला वाट करून देते स्विचची सेटिंग. कीबोर्डवर जसे 'की डाउन' आणि 'की अप' हे दोन वेगळे इव्हेंट असतात, तसंच फूटस्विचचं आहे. प्रोसेसरला पाय पडल्यावर काम करता येतं, किंवा पाय उचलल्यावर.

एका स्विचला दोन कामं दिली की पंचाईत होते. टॅप केलं तर लूप, दाबून धरलं तर ट्यूनर, असं सेटिंग असेल तर पाय पडला त्या क्षणी तुम्हाला यातलं काय हवंय हे प्रोसेसरला कळणारच कसं? तो पाय उचलला जायची वाट बघतो. मोबाईल ब्राउझरमध्ये पूर्वी असंच व्हायचं: डबल टॅप येतोय का हे बघण्यासाठी ब्राउझर प्रत्येक टॅपनंतर सुमारे ३०० मिलिसेकंद थांबायचे आणि वेबसाईट ढिम्म वाटायची. वेब डेव्हलपर मंडळींना आठवत असेल.

पाय उचलल्यावर काम होत असेल, तर लूपची लांबी तुम्ही पाय किती वेळ ठेवता यावर ठरते. सुरुवातीला आपण सावध असतो, पटकन टॅप करतो. बंद करताना डोकं पुढच्या लीडमध्ये गेलेलं असतं आणि पाय जरा रेंगाळतो. या दोन टॅपमधला फरक म्हणजेच वरचे ४० मिलिसेकंद. पाय पडणं मात्र तालात होतं, कारण ठेका आपण पाय आपटूनच धरतो. उचलण्याचा आणि तालाचा तसा काही संबंध नाही.

तपासायची पद्धत सोपी. लूपर मोकळा ठेवा, रेकॉर्डचा स्विच सावकाश दाबा आणि पाय तसाच ठेवा. लाल दिवा लगेच लागला तर उत्तम. पाय उचलल्यावर लागला तर त्याच स्विचला दिलेलं दुसरं, दाबून धरायचं काम काढून टाका आणि पुन्हा बघा. ट्यूनर, बँक बदलणं वगैरे दुसऱ्या स्विचवर न्या, तिथे पाव सेकंदाने काही बिघडत नाही. मेन्यूमध्ये 'प्रेस' आणि 'रिलीज' असा पर्याय असेल तर अर्थात प्रेस.

तुम्ही म्हणाल, टीसीच्या डिटोसारख्या एका बटणाच्या लूपरमध्ये सगळं एकाच स्विचवर असतं, मग तो कसा चालतो? तिथे कामांची वाटणी हुशारीने करता येते. दाबल्याबरोबर रेकॉर्ड किंवा ओव्हरडब सुरू करायचं, आणि नंतर कळलं की माणसाने दोनदा दाबलंय किंवा धरून ठेवलंय, तर आधीचं रद्द करून थांबायचं किंवा पुसायचं. आधी करा, मग गरज पडली तर मागे घ्या. लाइन सिक्सच्या एचएक्स स्टॉम्पमधला 'वन स्विच लूपर'ही एकाच स्विचवर चालतो: एकदा दाबलं की रेकॉर्ड, मग प्ले, मग ओव्हरडब; पटकन दोनदा दाबलं की बंद; धरून ठेवलं की अनडू. मला स्वतःला दोनदा दाबून थांबवणं आवडत नाही. शेवट समेवर करायचा तर दोनपैकी कुठला टॅप समेवर टाकायचा? स्टॉपला वेगळा स्विच हवाच.

बाहेरचा स्विच जोडताना

बॉसचा एफएस-६ किंवा एफएस-७ असा दोन स्विचचा पेडल घेतला तर एकावर रेकॉर्ड आणि दुसऱ्यावर स्टॉप ठेवता येतो. केबल टीआरएस म्हणजे स्टिरिओ हवी, साध्या गिटार केबलने दोन्ही स्विच वेगळे ओळखले जात नाहीत. एचएक्स स्टॉम्पमध्ये तोच जॅक एक्स्प्रेशन पेडललाही चालतो, त्यामुळे इथे फूटस्विच लावलाय हे ग्लोबल सेटिंग्जमध्ये सांगावं लागतं.

पेडलवरच्या बारीक बटणांकडे मात्र नीट बघा. पहिलं बटण मोमेंटरी की लॅचिंग हे ठरवतं. मोमेंटरी म्हणजे डोअरबेल, दाबलं तोवरच चालू. लॅचिंग म्हणजे घरातला दिव्याचा खटका. लूपरला डोअरबेल हवी. खटका लावला तर अनेक मशीनवर दर दुसरा टॅपच लागू होतो आणि माणूस स्विच खराब आहे असं समजतो.

दुसरं बटण पोलॅरिटीचं, आणि माझ्या मते सगळ्यात फसवं हेच. पोलॅरिटी उलटी असली तरी स्विच चालतो. फक्त प्रोसेसरला तुमचं दाबणं म्हणजे सोडणं आणि सोडणं म्हणजे दाबणं वाटतं. मेन्यूत प्रेस निवडलंय, दुसरं कुठलंही काम दिलेलं नाही, तरी लूप पाय उचलल्यावरच सुरू होतो! लाल दिव्याची मघाची टेस्ट इथे पुन्हा करायची. आणि सुरुवात प्रोसेसरच्या स्विचवर, शेवट बाहेरच्या स्विचवर असं करू नका. एक दाबल्यावर आणि दुसरा सोडल्यावर चालत असेल, तर लूप दर वेळी चुकणारच.

मिडी कंट्रोलर असेल तर केबलने जोडा. साध्या मिडी केबलवर सेकंदाला ३१,२५० बिट जातात आणि लूपरचा एक आदेश तीन बाइटचा असतो, म्हणजे जेमतेम एक मिलिसेकंद. ब्लूटूथमध्ये मेसेज ठरलेल्या अंतराने येणाऱ्या स्लॉटची वाट बघतात, म्हणजे परत जिटर.

दुसऱ्या टॅपनंतर काय होतं तेही एकदा बघून घ्या. काही लूपर थेट ओव्हरडबमध्ये जातात आणि तुमची खरखर, चुकून लागलेली तार सगळं लूपमध्ये कायमचं बसतं. बॉसच्या आरसी-५ मध्ये हा क्रम बदलून रेकॉर्डनंतर प्ले करता येतो.

झूमच्या जी१ फोरसारख्या प्रोसेसरमध्ये रिदम चालू ठेवून लूप केला, तर बंद करण्यातली थोडी चूक मशीन स्वतःच तालात बसवतं. घरी सरावाला हे छान आहे. पण समोर जिवंत तबला असेल आणि तबलजीला तो रिदम ऐकू जात नसेल, तर लूप मशीनच्या लयीत बसेल, त्याच्या नाही. तिथे रिदम बंद आणि पाय चालू.

शेवटी मोजून बघायचं असेल तर कान सोडा, ऑडॅसिटी वापरा. कानात १०० चा मेट्रोनोम लावा, चार बारच्या लूपमध्ये तारा दाबून फक्त एकच 'चिक' वाजवा, लूप फिरू द्या आणि कंप्युटरवर रेकॉर्ड करा. लागोपाठच्या दोन चिकमधलं अंतर म्हणजे तुमच्या लूपची खरी लांबी. असे दहा लूप करा. दहाही ९६०० पासून एकाच बाजूला, साधारण तेवढ्याच अंतरावर असतील तर अजून सेटिंगमध्ये काहीतरी शिल्लक आहे. कधी जास्त, कधी कमी असे विखुरलेले असतील आणि लाल दिव्याची टेस्ट पास झालेली असेल, तर टाच जमिनीवर टेकवून, फक्त चवड्याने स्विच दाबायची सवय लावा. पाय हवेतून खाली येईपर्यंत जो वेळ जातो, तो दर वेळी सारखा नसतो.