जास्तीचं कार्पेट कुणाचं?

पुण्यातल्या बिबवेवाडीत सध्या सोसायट्यांचे दोनच प्रकार उरलेत. एकीभोवती पत्रे ठोकलेत. दुसरीच्या सर्वसाधारण सभेत ते कोणत्या बिल्डरने ठोकायचे यावरून जुंपली आहे.

महेश सोसायटी चौक, चिंतामणीनगर, सातारा रस्त्याकडे निघणाऱ्या गल्ल्या. इथल्या बऱ्याच इमारती ऐंशी-नव्वदच्या दशकातल्या: खाली पार्किंग, वर तीन-चार मजले, लिफ्ट नाही. गुलटेकडीचं मार्केट यार्ड आणि स्वारगेट दोन्ही जवळ. त्यामुळे गाळ्यांवरचे दिवाणजी, पेठेतल्या वाड्यांतून बाहेर पडलेली कुटुंबं, नुकतेच नोकरीला लागलेले, असे सगळे इथे टेकले. आता त्या इमारती गळतात, स्लॅबच्या सळया दिसू लागल्यात आणि तिसऱ्या मजल्यावरच्या आजींचे गुडघे गेलेत. पुनर्विकास नको म्हणणाऱ्याने आधी त्या आजींची पिशवी वर नेऊन द्यावी, मग बोलावं.

सभेत पहिला प्रश्न ठरलेला असतो: कार्पेट किती टक्के वाढवून? मग कॉर्पस, भाडं, शिफ्टिंग, पार्किंग. जमीन मुळात सोसायटीच्या नावावर आहे का, हे कुणीतरी तिसऱ्या सभेत विचारतं आणि सन्नाटा पसरतो. 1963 च्या मोफा कायद्याने कन्व्हेयन्स करून देण्याचं बंधन बिल्डरवर घातलं खरं, पण ते न झालेल्या सोसायट्या इतक्या की सरकारला मानीव अभिहस्तांतरणाची, म्हणजे डीम्ड कन्व्हेयन्सची, वाट काढावी लागली. पुनर्विकासाची कार्यपद्धती सहकार कायद्याच्या कलम 79-अ खाली 3 जानेवारी 2009 ला ठरली, ती 4 जुलै 2019 ला सुधारली आणि 51 टक्के सभासदांची संमती पुरेशी झाली. तेव्हापासून सह्यांचा वेग वाढला. विरोध करणाऱ्याला पूर्वी घरी जाऊन समजावत, आता मोजतात.

खरा खेळ मात्र रस्त्याच्या रुंदीचा. डिसेंबर 2020 पासून लागू झालेल्या राज्याच्या एकात्मिक बांधकाम नियमावलीत मूळ एफएसआय, म्हणजे प्लॉटच्या किती पट बांधता येईल तो आकडा, 1.1 आहे. रस्ता नऊ मीटरपेक्षा अरुंद असला, तर त्यावर पैसे भरून मिळणारा प्रीमियम एफएसआयही नाही आणि विकत आणायचा बांधकाम हक्क, म्हणजे टीडीआरही नाही. नऊ ते बारा मीटरला 0.5 प्रीमियम आणि 0.4 टीडीआर धरून 2, आणि तीस मीटरच्या पुढे थेट 3. शिवाय पैसे भरून निवासी बांधकामाला 60 टक्के पूरक क्षेत्र. दहा हजार चौरस फुटांचा प्लॉट धरा. सहा मीटरच्या गल्लीत त्यावर पुनर्विकासाचा थोडा प्रोत्साहनपर एफएसआय सोडला, तर 17,600 फूट होतात. नऊ मीटरच्या रस्त्यावर 32,000. एकाच वर्षी उभ्या राहिलेल्या, एकाच मापाच्या दोन इमारती, पाठीला पाठ लावून. एकीकडे बिल्डरांची रांग आणि दुसरीकडे टेंडरला कुणी फिरकत नाही. सहाचे रस्ते नऊ करण्याचा विषय 2020 मध्ये महापालिकेत आला तेव्हा एवढा गदारोळ का झाला, ते या दोन आकड्यांत आहे.

आता त्या नऊ मीटरवाल्याचंच गणित पुढे नेऊ. आकडे मी धरलेले आहेत. वीस सभासद, प्रत्येकाचं 500 फूट कार्पेट. तीस टक्के वाढवून 650, म्हणजे सभासदांचंच 13,000 फूट कार्पेट झालं. भिंती, जिने, पॅसेज धरले की 32,000 पैकी निम्म्याहून जास्त इथेच संपतं. उरलेल्या फुटांच्या विक्रीतून अख्ख्या इमारतीचा बांधकामखर्च, महापालिकेचा प्रीमियम, टीडीआरची खरेदी, वीस कुटुंबांचं तीन वर्षांचं भाडं, कॉर्पस, कर्जाचं व्याज आणि बिल्डरचा नफा एवढं सगळं काढायचं. जुन्या सभासदाला जे फुकट मिळाल्यासारखं वाटतं, ते नव्या घेणाऱ्याच्या गृहकर्जात असतं. एफएसआय वाढवला की घरं स्वस्त होतील, हे पुण्यात वर्षानुवर्षं ऐकतोय. जास्तीचा एफएसआय येण्याआधीच टक्क्यांच्या ऑफरमध्ये, प्रीमियममध्ये आणि जमिनीच्या भावात वाटला गेलेला असतो.

सरकारी व्याख्येत परवडणारं घर म्हणजे 45 लाखांपर्यंतचं. त्यावर 1 एप्रिल 2019 पासून जीएसटी 1 टक्का, बाकीच्यांवर 5. गंमत अशी की जीएसटीच्या महानगरांच्या यादीत पुणे नाहीच. त्यामुळे मुंबईला 60 चौरस मीटरची मर्यादा, तर पुण्याला 90. म्हणजे जवळजवळ 970 फूट कार्पेट. चौरस फुटाला 12,000 भाव धरला तर 45 लाखांत 375 फूट येतात. ती सवलत बिबवेवाडीच्या काय कामाची, ते उघड आहे. त्यात पुरुष खरेदीदाराला मुद्रांक शुल्क मेट्रो अधिभारासह 7 टक्के. मोठ्या प्रकल्पांत 20 टक्के छोटी घरं म्हाडामार्फत देण्याचं बंधन आहे, पण ते 4,000 चौरस मीटरच्या, म्हणजे सुमारे एकराच्या प्लॉटपासून पुढे. वीस फ्लॅटच्या सोसायटीला ते लागूच होत नाही.

आणि सभेत ज्याला खुर्चीच नाही, तो भाडेकरू. लिफ्ट नसलेल्या तिसऱ्या मजल्यावरचा वन-बीएचके हे या भागातलं खरं परवडणारं घर होतं. ते कोणत्याही योजनेत मोजलेलं नाही. नवं लग्न झालेलं जोडपं, यार्डातला हिशेबनीस, व्हीआयटीत शिकणारी चार पोरं, सगळी अकरा महिन्यांच्या करारावर तिथे राहायची. पुनर्विकासात त्यांना मिळते ती महिन्याची नोटीस. वर आणखी एक: सभासद स्वतः बाहेर पडतात ते भाडं बिल्डरकडून घेऊन, आणि मुलांची शाळा नको तुटायला म्हणून याच परिसरात घर शोधतात. एका गल्लीत तीन इमारती एकदम रिकाम्या झाल्या की भाड्याच्या बाजारात साठ कुटुंबं उतरतात, तीही दुसऱ्याच्या पैशाने. जुना भाडेकरू त्यांच्यापुढे कसा टिकणार? तो आंबेगावला जातो, जांभूळवाडीला जातो, पिसोळी-उंड्रीला जातो. आंबेगाव, उंड्री 2017 मध्ये महापालिकेत आली, पिसोळी, जांभूळवाडी 2021 मध्ये. हद्द पोचली, टँकर मात्र अजून सुटलेले नाहीत.

उरला अप्पर-सुपर इंदिरानगरचा भाग. अप्पर इंदिरानगरच्या ओटा स्कीमची कल्पना साधी होती. पालिकेने ओटे आखून द्यायचे, घर ज्याने त्याने ऐपतीप्रमाणे बांधायचं. आधी पत्रा, मग स्लॅब, मुलाचं लग्न ठरलं की वरची खोली, खाली शिलाई मशीन किंवा किराणा. वरची खोली भाड्याने दिलेली. मला विचाराल तर बिबवेवाडीत गरिबाच्या खिशाचा विचार करून झालेलं एवढं एकच नियोजन. उजेड-हवा बेताची आणि गल्लीत बंब शिरणं मुश्कील, हेही तितकंच खरं. पण झोपडपट्टी पुनर्वसनातल्या 300 फुटी घरात ना वरची खोली चढते, ना खाली दुकान मांडता येतं.

आता यात मेट्रोही आली. बिबवेवाडीजवळून जाणाऱ्या स्वारगेट-कात्रज भुयारी मेट्रोला केंद्रीय मंत्रिमंडळाने ऑगस्ट 2024 मध्ये मंजुरी दिली: 5.46 किलोमीटर, 2,954 कोटी. मेट्रो स्थानकापासून 500 मीटरच्या पट्ट्यात रस्त्याच्या रुंदीप्रमाणे एफएसआय 4 पर्यंत जाऊ शकतो. टक्क्यांच्या ऑफर आता त्याच भाषेत बोलू लागल्यात. राज्याच्या 2025 च्या गृहनिर्माण धोरणात 2030 पर्यंत 35 लाख घरांचं लक्ष्य आहे. त्यातलं एखादं तरी बिबवेवाडीत यायचं असेल तर मेट्रोपट्ट्यातल्या जास्तीच्या एफएसआयमध्ये ठरावीक वाटा चारशे फुटांच्या आतल्या घरांचा, आणि त्यातला काही भाड्यासाठी राखलेला, अशी अट आत्ताच घालावी लागेल. करारांवर सह्या झाल्यावर तीच अट आणली, तर बिल्डरच्या आधी सभासदच कोर्टात जातील.