मधुमेह आणि नित्याचे चालणे

मधुमेह हा शहरातील सुखवस्तू माणसांचाच रोग होय, ही समजूत आता टाकून दिली पाहिजे. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या साहाय्याने झालेल्या व २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीनुसार देशात सुमारे १० कोटी १० लक्ष माणसे मधुमेही आहेत. त्यांत शेतकरी आहेत, कामगार आहेत आणि आपणां शिक्षकांपैकीही अनेक आहेत.

चालण्याने मांडीचे व पोटरीचे स्नायू रक्तातील साखर ओढून घेतात; इन्शुलिन अपुरे असले तरी हे कार्य काही अंशी घडते. हा लाभ एक-दोन दिवसच टिकतो. म्हणून आठवड्यातून पाच दिवस, दररोज ३० मिनिटे, बोलता येईल पण गाता येणार नाही इतक्या वेगाने चालावे व सलग दोन दिवसांहून अधिक खंड पडू देऊ नये.

हा सल्ला बहुतेकांना मिळालेला असतो. तरीही काही जण नित्य चालतात व काही चार दिवसांतच सोडून देतात. याचा दोष केवळ आळसास देणे अन्यायाचे होईल. त्याची कारणे परिस्थितीतही असतात.

पहिले कारण रस्ता. बोईसर-तारापूरच्या औद्योगिक वसाहतीकडे जाणाऱ्या मार्गांवर मालमोटारींची वर्दळ असते. तेथे पहाटे अंधारात चालण्यास माणूस धजत नाही. दुसरे कारण वेळ. रात्रपाळी करून आलेल्या कामगारास प्रातःकाळचा फेरफटका कसा साधावा? त्याने जेवणानंतर १०-१० मिनिटे तीनदा चालावे. तेही तितकेच उपयुक्त आहे. तिसरे कारण सोबत. स्त्रियांना तर सोबतीवाचून बाहेर पडणेच अवघड जाते. चौथे कारण गैरसमज. शेतातील कष्ट हा व्यायाम खराच. परंतु भाताची झोडणी आटोपली की तो थांबतो, आहार मात्र तोच राहतो.

पायांची काळजी हे पाचवे कारण, आणि सर्वांत गंभीर. मधुमेहात तळव्याची संवेदना मंदावते. चिंचणी किंवा केळवे येथील वाळूत अनवाणी चालताना शिंपला वा काच रुतली तरी कळत नाही आणि जखम चिघळून पाय गमावण्याची पाळी येते. पायांत बंद, मऊ पादत्राणे असावीत व रोज रात्री तळवे पाहावेत. इन्शुलिन वा गोळ्या घेणाऱ्याने खिशात साखर ठेवावी. घाम सुटून थरथर वाटल्यास ती तत्काळ खावी. छातीत दुखणाऱ्याने अथवा पायास जखम असणाऱ्याने वैद्यांना विचारल्याशिवाय चालण्यास आरंभ करू नये.

यांतील कित्येक अडचणी शाळेस दूर करता येतील. शाळा व्यवस्थापन समितीच्या संमतीने सकाळ-संध्याकाळ क्रीडांगण खुले ठेवावे. पावसाळ्यात व्हरांडा द्यावा. पालकसभेत चार-पाच जणांचे गट जुळवावेत व प्राथमिक आरोग्य केंद्रात रक्ततपासणी करून घेण्यास सांगावे. शिक्षकाने स्वतः त्या गटात पाऊल टाकले, तर वेगळा उपदेश करण्याचे प्रयोजन उरणार नाही.