जमैकाचा व्हिला आणि गाणगापूरची खोली

गेल्या डिसेंबरात दादाची पन्नाशी झाली. तो ह्यूस्टनला असतो. त्याने जमैकाच्या उत्तर किनाऱ्यावर एका रिसॉर्टमधला व्हिला आठवडाभरासाठी घेतला आणि आम्हा सगळ्यांना बोलावले. लहानमोठे धरून आम्ही अकरा जण गेलो. आई मात्र आली नाही. "एवढे विमान मला झेपायचे नाही. तुम्ही जाऊन या, पण मग एक आठवडा माझा," असे तिने भालकीहून फोनवर सांगून टाकले.

तिचा आठवडा म्हणजे काय, ते दादाला आणि मला लगेच कळले. गाणगापूरला जाऊन गुरुचरित्राचा सप्ताह. बाबा गेल्यापासून तो राहून गेला होता, आणि आता मोतीबिंदूमुळे तिला पोथीची अक्षरे दिसत नव्हती.

आधी जमैकाचे सांगते, कारण तुमच्यापैकी काहींचा असा बेत असेलच. मला तो आठवडा आवडला, खोटे कशाला बोलू? पोहोचल्याबरोबर मनगटावर कागदी पट्टी बांधतात, की मग सात दिवस पाकिटाला हात लावायचा नाही. खाणे, पिणे, होडी, मुलांचे खेळ, सगळे आधीच भरलेल्या पैशांत. ही कल्पना मूळची तिथली नाही. जेरार ब्लिट्झ नावाच्या बेल्जियन वॉटरपोलो खेळाडूने १९५० साली स्पेनच्या मायोर्का बेटावर तंबू ठोकून 'क्लब मेड' सुरू केला, तिथून ती जगभर गेली. जायचे असेल तर डिसेंबर ते एप्रिल चांगला; जून ते नोव्हेंबर हा तिकडे वादळांचा काळ. आणि अमेरिकेतून विमान बदलणार असाल, तर तिथला व्हिसा लागतो हे विसरू नका.

जेवणाच्या टेबलावर बोकडाची करी आणि रोटी दिसली तेव्हा मुलांना नवल वाटले. १८४५ पासून उसाच्या मळ्यांवर करारावर नेलेल्या आपल्या लोकांनी ती तिथे नेली. त्यातले बहुतेक उत्तर हिंदुस्थानातले. आमच्या स्वयंपाकीणबाई रोज विचारायच्या, आज काय करू? चौथ्या दिवशी वहिनी हळूच म्हणाली, "यांना भाकरी येत असती तर!" दादाचा मुलगा सतरा वर्षांचा आहे. तो फार खूश होता. म्हणाला, "आत्या, इथे कोणाकडे काही मागावेच लागत नाही."

हे वाक्य मला जूनमध्ये आठवले.

जूनच्या शेवटी आम्ही पाच जण आईबरोबर गाणगापूरला गेलो. अफजलपूर तालुक्यात, भीमा आणि अमरजा यांच्या संगमाजवळचे हे गाव. मुंबई-पुण्याकडून येणाऱ्यांना सोलापूरच्या पुढे गाणगापूर रोड स्टेशन आहे, तिथून वीसेक किलोमीटर रस्ता. आम्ही भालकीहून हुमनाबाद, कलबुर्गी करत गाडीने गेलो. पहिला पाऊस होऊन गेला होता आणि वाटेत तुरीची पेरणी चालू होती. (कलबुर्गीच्या तुरीला २०१९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, हे दादाने मुलांना दोनदा ऐकवले.) एका पुजाऱ्यांच्या घरी दोन खोल्या आणि एक चूल मिळाली. सतरंजीवर झोपायचे, पहाटे संगमावर स्नान, मग पोथी.

पोथी वाचणार कोण, हा प्रश्न आईने घरूनच सोडवून ठेवला होता. नातू वाचणार. तो ह्यूस्टनच्या रविवारच्या मराठी शाळेत शिकलेला. जोडाक्षर आले की थांबायचा. सात हजारांहून अधिक ओव्या! पहिल्या दिवशी नऊ अध्यायांना दुपार उलटून गेली. तो रडकुंडीला आला, म्हणाला, "आजी, माझे उच्चार चुकतात. हे बरोबर नाही." आई म्हणाली, "अरे, लिहिणाऱ्याची घरची भाषा कन्नड होती. तो अडला नाही, तू कशाला अडतोस?" ते खरेच आहे. सरस्वती गंगाधरांची मातृभाषा कन्नड, आणि नृसिंहसरस्वतींचे हे चरित्र त्यांनी मराठीत रचले. आपल्या भागातल्या कुणालाच याचे आश्चर्य वाटणार नाही.

खरी अडचण दुसऱ्या दिवशी दुपारी आली. गाणगापुरात माध्यान्हीला झोळी घेऊन किमान पाच घरी माधुकरी मागायची रीत आहे. त्या वेळी दत्तगुरू कोणत्या ना कोणत्या रूपात गावात भिक्षेला फिरतात, अशी श्रद्धा. आईने झोळी नातवापुढे धरली. त्याने हात मागे घेतले. "आपल्याकडे पैसे आहेत. ज्यांच्याकडे कमी आहे त्यांच्याकडून मी फुकट कसे घेऊ? मला लाज वाटते, आणि ते चूकही आहे." दादा चिडला. मला मात्र मुलाचे म्हणणे अगदीच टाकाऊ वाटले नाही. त्या दिवशी आणि दुसऱ्या दिवशीही आई माझा हात धरून एकटीच मागून आली, आणि खोलीत कोणी कोणाशी धड बोलले नाही.

तिसऱ्या रात्री तिने त्याला जवळ बसवून सांगितले, "लाज वाटते ना? ती वाटावी म्हणूनच मागायचे. आणि फुकट कोण म्हणतो? परवा आपण रांधायचे आणि दारात येईल त्याला द्यायचे. घेतल्याशिवाय नीट देता येत नाही, बाळा."

चौथ्या दिवशी तो गेला. मी मागे दहा पावलांवर होते. पहिल्या दारात 'भवति भिक्षां देहि' त्याच्या तोंडून फुटेना. आतल्या बाईंनी कन्नडमध्ये विचारले, "याव ऊर?" एवढे त्याला आजीकडून येत होते. तो म्हणाला, "भालकी." बाई हसल्या. "मग मराठीत बोल की!" ज्वारीची अर्धी भाकरी आणि पुंडी पल्या, म्हणजे आपली अंबाडीची भाजी, झोळीत पडली. पाच घरे झाल्यावर तो आपणहून सहाव्या दारी गेला. भाकऱ्यांचे तुकडे, भात, शेंगाची चटणी सगळे एकत्र झाले होते. आम्ही पारावर बसून तेच खाल्ले. जमैकाच्या टेबलावर इतके पदार्थ होते, पण ताटात उरलेले टाकताना तिथे कोणाला काही वाटत नव्हते. इथे चटणीही उरली नाही.

पाचव्या दिवसाच्या वाचनात अडतिसावा अध्याय येतो. भास्कर नावाचा गरीब ब्राह्मण तिघांपुरता शिधा घेऊन येतो आणि त्यात चार हजार माणसे जेवतात. मुलगा वाचता वाचता थांबला आणि म्हणाला, "उद्या आपल्याला किती पीठ लागेल?" सहाव्या दिवशी वहिनीने आणि मी पहाटेपासून भाकऱ्या थापल्या. दुपारी तो दारात बसला. पुण्याचे यात्रेकरू आले, साधू आले, दोन लहान मुली आल्या, एक म्हातारा तीनदा आला. "यातले खरे भुकेले कोण?" असे त्याने मला हळूच विचारले. मला सांगता आले नाही. त्याने म्हाताऱ्याला चौथ्यांदाही वाढले.

सातव्या दिवशी पन्नासाव्या अध्यायात बीदरचा सुलतान फोड बरा व्हावा म्हणून गाणगापूरला येतो. ते वाचून मुलांनी बीदरचा हट्ट धरला. ज्यांना रेल्वेने जायचे असेल त्यांच्यासाठी कलबुर्गी-बीदर मार्ग २०१७ पासून सुरू आहे. आम्ही गाडीने गेलो. १४७२ चा महमूद गावानचा मदरसा पाहिला आणि मग गुरुद्वारा नानक झिरा साहिबला लंगरात बसलो. पोळी वाढणारा समोर आला तेव्हा त्याने कोणी सांगायच्या आत दोन्ही हात पुढे केले. जेवण झाल्यावर तो ताटे घासणाऱ्यांत जाऊन बसला आणि हलेचना. किल्ल्यावर पोहोचायला फार उशीर झाला, तो अर्धाच पाहून झाला.