कॉन्फरन्सनंतरचे दोन मोकळे दिवस : उत्तर जपानमध्ये काय बघाल, काय खाल

आमच्या लॅबमधल्या एका ज्युनिअरचं ॲबस्ट्रॅक्ट साप्पोरोच्या कॉन्फरन्ससाठी स्वीकारलं गेलं. ईमेल आल्यावर दुसऱ्या मिनिटाला तो माझ्या टेबलाशी हजर. "ताई, तू गेली होतीस ना तिकडे? शेवटी दोन दिवस मोकळे आहेत. काय बघू? आणि मुख्य म्हणजे, काय खाऊ?" चहाच्या टपरीवर त्याला जे सांगितलं तेच इथे जरा नीट लिहून काढते आहे, कारण आज ना उद्या तुमच्यापैकी बऱ्याच जणांवर ही वेळ येणार.

आधी एक कबुली. साप्पोरोत माझं पोस्टर होतं सह्याद्रीतल्या पावसावर, सगळं उपग्रहाच्या आकड्यांवरून केलेलं. एका वयस्कर जपानी प्राध्यापकांनी ते शांतपणे वरपासून खालपर्यंत वाचलं आणि विचारलं, "यातला पाऊस तुम्ही स्वतः कुठे मोजलात?" मी म्हटलं, डेटा डाउनलोड केलाय. ते हसले, मान झुकवली आणि पुढच्या पोस्टरकडे गेले. झालं एवढंच. पण पीएच.डी.ची तीन वर्षं उलटली होती आणि मी एकदाही पावसात साधं भांडंसुद्धा ठेवलं नव्हतं. तो प्रश्न डोक्यात घेऊनच मी पुढचे दोन दिवस हिंडले. त्यामुळे माझी यादी थोडी एकांगी आहे. जिथे 'हे कुणी मोजलं, कसं मोजलं?' असं विचारता येतं, त्या जागा तिच्यात जास्त आहेत.

सुरुवात बर्फापासून, कारण फेब्रुवारीत साप्पोरोत पाऊल टाकल्यावर दुसरं काही दिसतच नाही. हे शहर ४३ अंश उत्तर अक्षांशावर आहे, म्हणजे फ्रान्सच्या मार्से बंदराच्या जवळपास त्याच ओळीत. तरीही इथे एका हिवाळ्यात सुमारे पाच मीटर बर्फ पडतो, आणि तोही जवळपास वीस लाख वस्तीच्या शहरात. कारण काय? हिवाळ्यात सायबेरियावर अतिशय थंड, कोरडी हवा साठते आणि तिथून वारा आग्नेयेकडे सुटतो. वाटेत जपानचा समुद्र लागतो. त्यात दक्षिणेकडून त्सुशिमा नावाचा उबदार प्रवाह येतो, त्यामुळे पाणी हवेपेक्षा कितीतरी गरम असतं. थंड वारा त्या पाण्यावरून जाताना ऊब आणि वाफ दोन्ही उचलतो, त्याचे ढग होतात, ढग किनाऱ्यावरच्या डोंगरांना धडकतात आणि बर्फ पडतो. डोंगरापलीकडे, पॅसिफिकच्या बाजूला, त्याच दिवशी लख्ख ऊन असू शकतं. महाबळेश्वर आणि माण-खटाव माहीत असलेल्या माणसाला हे वेगळं समजावून सांगायला नको.

आता गंमत बघा. 'पाच मीटर' वाचून मी विमानातून उतरताना दुमजली भिंतींची कल्पना करत होते. प्रत्यक्षात बर्फ कंबरेच्या आसपास. आकडा खोटा होता का? नाही. पाच मीटर ही हिवाळाभर 'पडलेल्या' बर्फाची बेरीज आहे. जमिनीवर 'साठलेली' जाडी वेगळी, कारण बर्फ स्वतःच्या वजनाने दबतो, वितळतो, वाऱ्याने उडतो. वसतिगृहाच्या कठड्यावर मी पट्टी लावून पाहिलं. रात्रीतून पडलेला थर सकाळी ९ सेंटिमीटर होता. नवा बर्फ पडला नाही, तरी दुपारी तो ६ झाला. एकाच गोष्टीला दोन मापं असतात आणि पेपर वाचताना आपण ती बिनदिक्कत एकत्र करतो. (आमच्या क्षेत्रात तर हा रोजचा घोळ आहे.)

ओदोरी बागेतला हिमोत्सव तुम्हाला कुणीही दाखवेल. तो १९५० साली शाळेच्या मुलांनी केलेल्या सहा बर्फाच्या पुतळ्यांपासून सुरू झाला. आज तो प्रचंड आहे, गर्दीही तशीच. जा, तासभर फिरा. पण दुसऱ्या दिवशी सकाळी होक्काइदो विद्यापीठाच्या आवारात एक चक्कर माराच. १८७६ साली शेतकी महाविद्यालय म्हणून सुरू झालेली ही संस्था. आवार सगळ्यांना खुलं आहे आणि आतलं संग्रहालय फुकट आहे, जे ट्रॅव्हल ग्रँटवर आलेल्या माणसाला सांगायलाच हवं. याच आवारात एक साधासा षटकोनी दगड उभा आहे. जगातला पहिला कृत्रिम हिमस्फटिक इथे तयार झाला, १९३६ साली.

तो करणारे उकिचिरो नाकाया. लंडनला क्ष-किरणांवर काम करून आलेला हा भौतिकशास्त्रज्ञ १९३०मध्ये साप्पोरोत आला. तसल्या प्रयोगांची महागडी साधनं इथे नव्हती. बर्फ मात्र भरपूर होता, आणि फुकट. त्यांनी तोकाची पर्वतावर लाकडी झोपडीत राहून हिमकणांचे सूक्ष्मदर्शकाखाली फोटो काढले, सुमारे तीन हजार. मग प्रयोगशाळेतल्या थंड खोलीत तसाच स्फटिक वाढवायचा प्रयत्न सुरू झाला. अडचण अशी की स्फटिक टांगायचा कशावर? कापूस, रेशीम, लोकर काहीही लावलं तरी धाग्यावर सगळीकडे नुसतं दहिवर जमायचं. शेवटी चाललं काय, तर सशाचा केस. त्यावर बारीक गाठी असतात आणि स्फटिक नेमके तिथेच, एकमेकांपासून सुटे धरतात. त्यातून पुढे नाकायांचा प्रसिद्ध तक्ता आला. तापमान किती आणि हवेत वाफ किती, एवढं सांगा, हिमकण सुईसारखा होईल, चपटा होईल की फांद्यांचा, ते तक्ता सांगतो. उलटंही करता येतं. खाली पडलेला कण बघून वरच्या हवेची अवस्था ओळखता येते. म्हणून म्हणते, गडद रंगाचं जाकीट घालून जा. बाहीवर पडलेले कण साध्या भिंगाने दिसतात.

आता खाणं. मी सगळं खाते, त्यामुळे माझी सोय होती. साप्पोरोचा मिसो रामेन १९५०च्या दशकात इथेच जन्मला. माझ्यासमोर वाडगा आला, वाफ जवळजवळ नाही. वाटलं, गार झालाय. मोठा घोट घेतला आणि पुढचे दोन दिवस जीभ भाजलेली! वर डुकराच्या चरबीचा पातळ थर तरंगत असतो. तो बाष्पीभवन अडवतो, आणि बाष्पीभवन थांबलं की पाण्याची उष्णता बाहेर जायचा मोठा रस्ताच बंद होतो. कडाक्याच्या थंडीत रामेन शेवटच्या घोटापर्यंत गरम राहतो तो असा.

दुसरा खास इथला पदार्थ म्हणजे सूप करी. आपल्या रश्श्याच्या जवळचा, पातळ, मसालेदार, त्यात बटाटा, भोपळा, गाजर, वांगं अशा भाज्यांचे मोठमोठे तुकडे आणि बाजूला भात. तिखटाची पातळी आकड्यात सांगायची असते. या प्रकाराची सुरुवात १९७०च्या दशकात साप्पोरोतल्या एका कॉफीच्या दुकानातून झाली असं मानतात, आणि त्या दुकानाचं नाव होतं अजंता! पोस्टर सेशनने कंटाळलेल्या मराठी जिवाला त्या नावानेच बरं वाटतं.

शाकाहारी मंडळींनी मात्र सावध राहायचं. तुकडे भाज्यांचे असले तरी रस्सा बहुधा कोंबडीच्या हाडांचा किंवा माशांचा असतो. 'मांस नको' एवढं सांगून भागत नाही, कारण जपानी स्वयंपाकाचा पाया 'दाशी' नावाच्या पाण्यात असतो आणि त्यात वाळवलेल्या बोनिटो माशाचा कीस असतो. काय चालत नाही ते जपानीत लिहून घेतलेला कागद खिशात ठेवा, त्यात 'माशाची दाशी' हा शब्द हवाच. दाशीचा दुसरा घटक मात्र शंभर टक्के वनस्पतिजन्य आहे : कोंबू, म्हणजे समुद्रात वाढणारी पट्ट्यांसारखी लांब वनस्पती. जपानमधला बहुतांश कोंबू होक्काइदोच्या किनाऱ्यावरचा. १९०८मध्ये तोक्योत किकुनाए इकेदा या रसायनशास्त्रज्ञाला प्रश्न पडला की कोंबूच्या पाण्याची ही चव गोड, आंबट, खारट, कडू यांपैकी कशातच बसत नाही, मग ती आहे काय? त्यांनी त्यातून ग्लुटामेट वेगळं काढलं आणि चवीला 'उमामी' नाव दिलं. बाजारात कोंबूची पट्टी मिळते. रात्रभर साध्या पाण्यात भिजवा आणि प्या. एवढ्या स्वस्तात दुसरा प्रयोग नाही. शिवाय लोणी लावलेला उकडलेला बटाटा, मका आणि दुधाचं आइस्क्रीम यावर दोन दिवस आरामात निघतात. होक्काइदो ही जपानची दुभती बाजू आहे.

मासे खाणाऱ्यांनी भातावर कच्चे मासे पसरलेला वाडगा निजो बाजारात खावा, किंवा अर्ध्या-पाऊण तासावरच्या ओतारूला जाऊन सुशी खावी. तिथला जुना कालवा तेवढ्यात बघून होतो. पण हे शिंपले, हा सामन इथेच इतका का? उत्तराचा एक भाग ओखोत्स्क समुद्रात आहे. अबाशिरीच्या किनाऱ्यावर जानेवारीच्या शेवटापासून समुद्री बर्फाच्या लाद्या वाहत येतात आणि बर्फ फोडणाऱ्या बोटीतून त्या बघता येतात. खारं पाणी गोठेपर्यंत जड होतच जातं. त्यामुळे वरचं गार पाणी बुडतं, खालचं वर येतं, आणि सगळा खोल समुद्र गार झाल्याशिवाय वर बर्फ धरत नाही. ओखोत्स्कमध्ये मात्र आमूर नदी गोडं पाणी आणून टाकते. वर कमी खारट, हलका, काही दहा मीटरचा थर तयार होतो. गार पाणी त्याच्याखाली जाऊच शकत नाही, म्हणून तेवढाच थर गार झाला की पुरतं. वसंतात बर्फ वितळला की सूक्ष्म वनस्पतींना बहर येतो आणि त्यावर पुढची सगळी पंगत उठते. साप्पोरोहून अबाशिरीला रेल्वेने साडेपाच तास लागतात. मला दोन दिवसांत अबाशिरी किंवा तोया सरोवर यांपैकी एकच जमणार होतं. मी तोया निवडलं.

वाटेत शिराओइ लागतं. होक्काइदोचे मूळ रहिवासी आयनू. साप्पोरो हे नावही त्यांच्याच भाषेतलं. २०२०मध्ये इथे त्यांचं राष्ट्रीय संग्रहालय उघडलं, 'उपोपोइ'. मासेमारी, कपडे, भाषा यांची दालनं सुंदर आहेत. पण थोड्या अंतरावर एक स्मारक आहे, जिथे फारसे प्रवासी जात नाहीत. तिथे आयनूंचे अस्थी-अवशेष ठेवलेले आहेत, जे एकेकाळी विद्यापीठांतल्या संशोधकांनी कवट्या मोजण्यासाठी त्यांच्या थडग्यांतून उचलून नेले होते. होक्काइदो विद्यापीठही त्यात होतं. ज्या आवाराचं मी वर इतकं कौतुक केलं, तेच. एथिक्स कमिटीचा फॉर्म भरताना आपण कुरकुरतो. मी आता जरा कमी कुरकुरते.

तोया स्टेशनवरून बसने उसु ज्वालामुखीच्या पायथ्याशी जाता येतं. तिथे शोवा-शिनझान उभा आहे, तांबूस, उघडा, अजूनही वाफा सोडणारा ३९८ मीटरचा डोंगर. १९४३ साली इथे गव्हाचं शेत होतं. त्या डिसेंबरात भूकंप सुरू झाले, मग जमीन फुगू लागली, १९४४च्या जूनमध्ये स्फोट झाले आणि १९४५च्या सप्टेंबरपर्यंत डोंगर वाढत राहिला. युद्ध चालू होतं. लोक घाबरतील म्हणून सरकारने बातमी दाबली. शास्त्रज्ञ नाहीत, उपकरणं नाहीत, कॅमेऱ्याची फिल्म मिळत नाही.

गावचे पोस्टमास्तर होते मासाओ मिमात्सु. १९१०च्या उद्रेकात, तरुण असताना, त्यांनी पाहणीला आलेल्या शास्त्रज्ञांना वाट दाखवली होती. निरीक्षण कसं करतात ते त्यांनी तेव्हा पाहिलं होतं. आता त्यांनी पोस्टाच्या मागे एक जागा पक्की केली, हनुवटी टेकायला आधार केला म्हणजे डोळा रोज त्याच बिंदूवर येईल, आणि समोर आडव्या दोऱ्या ताणून बांधल्या. दोऱ्यांच्या हिशेबाने डोंगराची कड कागदावर उतरवायची. मग पुढची तारीख, पुढची कड. अशा सगळ्या रेषा एकावर एक ठेवल्यावर एका डोंगराच्या जन्माचा पूर्ण आलेख तयार झाला. १९४८मध्ये तो ऑस्लोच्या आंतरराष्ट्रीय परिषदेत मांडला गेला आणि आज 'मिमात्सु डायग्रॅम' म्हणून ओळखला जातो. युद्धानंतर त्यांनी ती जमीनच विकत घेतली. शेत गेलेल्या शेतकऱ्यांना पैसे मिळाले आणि डोंगर खाणवाल्यांपासून वाचला.

पायथ्याशी त्यांच्या नावाचं छोटं संग्रहालय आहे. मी त्या आलेखासमोर बराच वेळ उभी होते. फोटो एकच काढला. उसु पुन्हा २००० साली फुटला तेव्हा दहा हजारांहून जास्त लोकांना स्फोटाच्या आधीच हलवलं होतं आणि एकही माणूस दगावला नाही. त्या वेळी मोडलेली घरं, वाकलेले रस्ते तसेच ठेवलेत, पण ती पायवाट हिवाळ्यात बंद असते. उन्हाळ्यात गेलात तर चुकवू नका.

परत आल्यावर मी हॉस्टेलच्या गच्चीवर एक साधं पर्जन्यमापक बसवलं. पहिल्याच जुलैत माझे आणि उपग्रहाचे आकडे सहा दिवस अजिबात जुळले नाहीत. त्यातल्या दोन दिवसांचं कारण कबुतरं होती. उरलेले चार दिवस आता थिसिसच्या चौथ्या प्रकरणात आहेत.

ज्युनिअर पुढच्या आठवड्यात निघतोय. बर्फावर घसरू नये म्हणून बुटांना लावायचे काटे, 'माशाची दाशी नको' लिहिलेला कागद आणि सहा इंची स्टीलची पट्टी, एवढं मी त्याला उसनं दिलंय. पट्टी परत हवी आहे.