आळशी डोळा : बिघाड नेमका कुठे?

तिरळ्या मुलाचा एक डोळा फळ्याकडे, तर दुसरा भलतीकडे असतो. मेंदूत दोन निराळ्या प्रतिमा पोहोचतात. त्या जुळत नाहीत. मग वाढत्या वयातला मेंदू एकीकडे दुर्लक्ष करू लागतो. अशा दुर्लक्षित डोळ्याला योग्य चष्मा लावूनही अंधुक दिसते. हाच आळशी डोळा.

१९९१ साली पुढे आलेल्या ‘ओसीटी’ तंत्रात, परतणाऱ्या अवरक्त प्रकाशावरून दृष्टिपटलाचा जणू उभा छेद दिसतो. मिलिमीटरच्या काही हजारांश भागांएवढे बारकावेही टिपता येतात. आळशी डोळ्यात मात्र दृष्टिपटल आणि दृक्-चेतेचे तंतू बहुधा निरोगीच दिसतात. वीझेल व ह्यूबेल यांनी १९६३ मध्येच मांजराच्या पिलांचा एक डोळा बंद ठेवून दाखवले होते, की खरा फरक मेंदूच्या दृष्टिकेंद्रात पडतो.

मग हे चित्रण कशाला? दुसरा आजार नाही ना, हे पाहायला. तिरळेपणामागे क्वचित दृष्टिपटलातील कर्करोगाची गाठ किंवा जन्मतः खुरटलेली दृक्-चेताही असते. तसे नसेल तर चष्मा आणि चांगला डोळा रोज काही तास झाकणे, हा जुनाच उपाय. सात-आठ वर्षांच्या आत तो अधिक लागू पडतो. मूल स्वतः तक्रार करत नाही, कारण दुसऱ्या डोळ्याने त्याचे भागते. वर्गात एकेक डोळा आळीपाळीने झाकून फळा वाचायला लावला, तर पुष्कळदा ते उघड होते.